सरजाबाई, वय तेरा

लातूर,
ता. ९ मे १९८५

ती. पंचशीला अक्का हिस,

धाकटा भाऊ निवृत्ती याचा सविनय जयभीम. दाजींनाही सांगावा. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळवणे (मागच्या पत्रात तू डावा लिहिला होतास, त्याच्या आधीच्यात उजवा, तेव्हा ही चौकशी दोन्ही गुडघ्यांची समजावी). धाकटीला दात आले का, तू स्वयंपाक करतेस त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला धुराडं बसवून देतो म्हणाले होते ते बसलं का, आणि तुझा खोकला कसा आहे हे तू कधीच लिहीत नाहीस, ते या खेपेला लिहावं. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे उभा आहे. लातूरला जिल्हा मिळून तीन वर्षं होत आली, पाणी अजून मिळायचं आहे. आमच्या गल्लीतला नळ दिवसाआड येतो, आणि मी व माझा खोलीतला जोडीदार बसवंत (निलंग्याकडचा, माणूस चांगला, रागावला की कानडीत बोलतो आणि घागरीशीच बोलतो) पाळीपाळीनं नंबरला उभे राहतो.

पत्राला कारण आहे. पण ते लगेच लिहिण्याइतका धीर माझ्यात नाही, म्हणून आधी बाकीचं लिहितो. एक मात्र आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुझ्या सवयीप्रमाणे तू शेवटचं पान आधी वाचशील, आणि हे शेवटचं पान आधी वाचण्यासारखं नाही. नोकरी लागली. कनिष्ठ लिपिक. ऑर्डर हातात आहे. सहा महिने तात्पुरती, मग साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम. तू शेजारच्या बाईंना सांगायला उठली असशील तर सांगून परत येऊन बस, पत्र मोठं आहे.

ही नोकरी सहाव्या मुलाखतीत लागली. आधीच्या पाचांबद्दल मी तुला दर वेळी "बरी झाली" एवढंच लिहीत होतो. एकही बरी झाली नव्हती. नवीन जिल्हा म्हणजे नवीन कचेऱ्या, नवीन कचेऱ्या म्हणजे जागा, या हिशेबानं आपल्या कंधार-बिलोलीकडची निम्मी पदवीधर पोरं इथे खोल्या करून राहिली आहेत, आणि लातूरची पोरं आम्हाला पाहून तोंड वाकडं करतात, ते बरोबरच आहे. पहिल्या मुलाखतीत मला म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी नाव, गाव, तालुका, जिल्हा, शिक्षण सांगून थांबलो. ते म्हणाले, आणखी. मी म्हणालो, जन्मतारीख अर्जात आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं शांतपणे बसणं हाही एक गुण असेल. नव्हता.

त्यानंतर बसवंतनं मला ग्यानोबा सरांकडे नेलं. हे सर निवृत्त मुख्याध्यापक, मुलाखतीची तयारी करून घेतात. त्यांचा वर्ग पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत भरतो. गिरणी सुरू असते, त्यामुळे सर ओरडून शिकवतात, पोरं ओरडून उत्तरं देतात, आणि मग सवय लागून त्यांचे सगळे विद्यार्थी खऱ्या मुलाखतीतही ओरडून बोलतात. (केसांवर पीठ असतंच. लातूरच्या कचेऱ्यांत ओरडणारा आणि पांढऱ्या केसांचा तरुण दिसला की तो ग्यानोबा सरांचा, असं शिपाईही ओळखतात.) सरांचं म्हणणं असं, की साहेबाला दिवसभर उत्तरं ऐकून वीट आलेला असतो. त्याला उत्तर देऊ नका, गोष्ट सांगा. स्वतःच्या आयुष्यातली. तिच्यात दुष्काळ पाहिजे, आई पाहिजे आणि कुणीतरी गमावलेलं पाहिजे. सर हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की दळण न्यायला आलेल्या बायकाही माना हलवत होत्या.

मी विचार करायला बसलो. अक्का, बहात्तरच्या दुष्काळात माझी खरी गोष्ट काय आहे ते तुला माहीत आहे. तलावाच्या कामावर, बाभळीखाली बसून, पाटीवर पाढे लिहीत मी मजुरांना वाटलेली सुकडी खाल्ली. माझी खाल्ली आणि तुझीही खाल्ली. ही गोष्ट सांगून कुणी मला शिपाईसुद्धा केलं नसतं. म्हणून मी तुझी घेतली.

तुला तुझीच गोष्ट काय सांगायची, पण माझ्या तोंडी ती कशी गेली ते तुला कळलं पाहिजे. आई तापानं पडलेली, हजेरीपटावर नाव तिचं. तू तिच्या नावावर दहा दिवस मातीच्या पाट्या वाहिल्यास. हजेरीला "सरजाबाई" म्हटलं की तू "हाय" म्हणायचीस, सगळ्याच घरांतून असं एकाच्या नावावर दुसरं जायचं. अकराव्या दिवशी हजेरी घेणाऱ्या कारकुनानं मान वर करून विचारलं, सरजाबाई, वय काय? आणि तू खरं सांगितलंस, तेरा. सगळं काम हसलं, मुकादम हसला, आणि नाव कापलं गेलं. मग तू चांगुणामावशीबरोबर बिलोलीच्या अंगाला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलीस ती पाऊस पडल्यावरच आलीस. शाळा तिथेच संपली. तुझी सातवीची पुस्तकं पुढे मी वापरली. त्यांच्यावर तुझं नाव होतं, ते खोडून मी माझं घातलं होतं. मुलाखतीत तेच केलं. खडी फोडली ती मी, वय नऊ.

दुसऱ्या मुलाखतीत ही गोष्ट इतकी रंगली की साहेब खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, हात दाखवा पाहू. मी दाखवले. माझे हात बी.ए.चे, त्यांच्यावर शाईशिवाय काही नाही. घरी येऊन मी बसवंतला हे सांगितलं, तर तो म्हणाला, यात काय अवघड आहे. मग तिसऱ्या मुलाखतीच्या आधी दोन दिवस मी खोलीमागच्या पडक्या भिंतीचे दगड हातोड्यानं फोडत बसलो. हातांना फोड छान आले. पण त्या कचेरीत मुलाखतीआधी एक पान मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचा होता, आणि माझ्या बोटांना पेन धरवेना. माझं ते पान पाहून साहेबांनी विचारलं की अर्ज कुणाकडून लिहून घेतला होता. हात दाखवायची वेळच आली नाही.

चौथ्या वेळी माझा नंबर बारावा होता. आधीचे अकरा जण, त्यातले आठ आमच्या गिरणीतले. मी "साहेब, बहात्तर सालची गोष्ट आहे" एवढंच ओरडलो, आणि साहेबांनी हात वर केला. ते फार दमलेल्या आवाजात म्हणाले की सकाळपासून या खोलीत इतकी खडी फोडून झाली आहे की दिल्लीपर्यंत रस्ता झाला असता. आणि मी, म्हणाले, तालुक्यापर्यंत जातो तर खड्डेच खड्डे. मग ही सगळी खडी गेली कुठे? मी नमस्कार करून बाहेर आलो. पाचव्या वेळी मी दुष्काळ म्हणताच साहेब स्वतःच त्यांच्या दुष्काळाची गोष्ट सांगायला लागले. पाऊण तास सांगितली. मी मनापासून ऐकली, दोनदा डोळे पुसले. शेवटी ते म्हणाले, तुमच्याशी बोलून बरं वाटलं, आणि पुढच्याला बोलावलं. यादीत माझं नाव नव्हतं. मी काही बोललोच नव्हतो तर येणार कसं.

तोवर मी थकलो होतो, अक्का. खरं सांगतो, नोकरीची हौससुद्धा राहिली नव्हती. त्यातच तुझं पत्र आलं, की नाही लागली तर नाही, इकडे निघून ये, जेवायला आहे. ते वाचून मी बसवंतसमोर रडलो (तो घागरीशी कानडीत काहीतरी बोलत बाहेर गेला). बारा वर्षं तू मला जेवायला आहे म्हणूनच सांगत आलीस. मी ठरवलं, ही शेवटची. ही गेली तर किनवटला येऊन तुझ्या चुलीपुढे बसायचं आणि कुणाला काही गोष्ट सांगायची नाही.

सहावी मुलाखत होती ती कचेरी भाड्याच्या घरात आहे. फर्निचर अजून खोक्यांतच, आम्ही उमेदवार त्या खोक्यांवर बसलो. मुलाखत स्वयंपाकघरात. तीन साहेब, त्यांच्या मागे ओटा, ओट्यावर फायली, मोरीत टंकलेखन यंत्र. मधले शेषेराव साहेब. माणूस पन्नाशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. मी खडीची सुरुवात केली, तर ते म्हणाले, खडी सोडून काही आहे का? इतकं साधं विचारलं त्यांनी, की मला खोटं बोलण्याचासुद्धा कंटाळा आला. मी म्हणालो, खडी माझी नाहीच, माझ्या बहिणीची आहे. आणि तुझी गोष्ट तुझी म्हणून सांगितली, पहिल्यांदाच. तापात पडलेली आई, हजेरी, आईच्या नावावर "हाय" म्हणणं, कापलेलं नाव, बिलोलीचा रस्ता. ओरडलोसुद्धा नाही. (शेवट थोडा बदलला. ते खाली लिहितो.)

बाकीचे दोघे पुढचा प्रश्न शोधत होते. शेषेराव साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, काम कंधारकडच्या तलावाचं का? मी हो म्हणालो. मग ते म्हणाले, "तिनं वय तेरा सांगितलं होतं का?"

अक्का, हे मी सांगितलं नव्हतं. आई आणि आपण घरात हसायला म्हणून बोलतो ते मी कधीच बाहेर काढलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. साहेब टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "हजेरी मी घेत होतो."

शेजारच्या साहेबांनी मला पंचवार्षिक योजनेबद्दल काहीतरी विचारायला घेतलं, तर शेषेराव साहेब म्हणाले, राहू द्या. दहा दिवसांनी ऑर्डर आली. आता महिना झाला मी कामावर आहे. आवक-जावक माझ्याकडे आहे. मी चुकलो तर साहेब रागावत नाहीत, दुरुस्त करून परत देतात आणि माझ्याकडे न बघता देतात. हे सहन करणं रागावण्यापेक्षा जड आहे. तुझ्याबद्दल पुष्कळ विचारतात. बाकी क्षेम. तुम्ही दोघांनी जपून राहावं.

तुझा धाकटा,
निवृत्ती

ता. क. – शेवट बदलला असं वर लिहिलं आहे, तो असा. गोष्ट तू पाऊस पडल्यावर घरी आलीस इथे संपत होती, आणि मला एकदम आठवलं की कुणीतरी गमावलेलं पाहिजे. माझ्या तोंडातून निघून गेलं की ती घरी आलीच नाही, खडीच्या कामावर ऊन लागून वारली. साहेबांनी तेरा विचारलं ते त्याच्यानंतर. म्हणजे तेव्हा तू वारलेली होतीस आणि त्यांनी हजेरी घेत होतो म्हटलं ते त्या अर्थानं म्हटलं. मला तिथेच "नाही साहेब, आहे, किनवटला आहे, दोन लेकरं आहेत" म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही. सहावी मुलाखत होती, अक्का. परवा त्यांनी मला आत बोलावून बसायला सांगितलं. म्हणाले, सरजाबाई वय तेरा हा किस्सा मी बारा वर्षं लोकांना पंगतीत सांगत आलो, लोक जेवता जेवता हसायचे, आता तोंडात घास जात नाही. नियम नियम म्हणून मी लेकरू मारलं. मी त्यांना म्हणालो, साहेब, तुमचा काय दोष. हे मी म्हणालो. माझी जीभ झडली नाही. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते लिहून भागण्यासारखं नाही.

ता. क. २ – आता कारण. साहेबांनी तू वारल्याची तारीख विचारली. मला बावीस मे सुचली. त्यांनी विचारलं, दरवर्षी पुण्यानुमोदन करता का? मी हो म्हणालो. ते म्हणाले, यंदा मी येतो, आईंच्या पाया पडायचं आहे. त्यांनी रजाही टाकली आहे, अर्ज माझ्याच रजिस्टरातून आवक झाला. मी रविवारी गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईनं भाकरी थापायची थांबवली. मग म्हणाली, "जित्या लेकीच्या फोटूला हार घालू व्हय रं? तू माझ्याच पोटचा हायस का?" आणि भाकरी न वाढता उठून गेली. फोटोचं म्हणशील तर तुझा एकच आहे, लग्नातला, त्यात दाजी शेजारी उभे आहेत, हार घातला तर दोघांना पडतो. (दाजींना हे वाचून दाखवू नये.) वस्तीतल्या लोकांना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर विहारातली पोरं मला गावात ठेवणार नाहीत. तेव्हा माझी विनंती अशी, की सुट्टीत तू दरवर्षी मे महिन्यात गावी येतेस, ती यंदा येऊ नकोस. पाऊस पडल्यावर ये. लेकरांनाही पाठवू नकोस, मोठी हुबेहूब तुझ्यासारखी दिसते. साहेब एका दिवसासाठी येतील, आईच्या पाया पडतील, परत जातील, आणि सहा महिन्यांनी मी कायम होईन. एवढं कर. आजवर तू माझ्यासाठी इतकं केलंस, त्यापुढे एक मे महिना काही जास्त नाही.

ता. क. ३ – वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं. आज कचेरीत शेषेराव साहेबांनी एक पुडकं माझ्या टेबलावर ठेवलं, आईंना द्या म्हणाले. मी खोलीवर येऊन उघडलं. आत सातवीची पुस्तकं होती. नवी कोरी, सगळी, भूगोलासकट. त्यांनी दुकानात जाऊन स्वतः आणलेली. पहिल्या पानावर तुझं नाव लिहिलेलं आहे, पंचशीला, त्यांच्या हजेरीपटाच्या अक्षरात, आणि दुसरं काही नाही. बसवंतनं पाहिलं, घागर खाली ठेवली आणि या खेपेला मराठीत बोलला. जे बोलला ते इथे लिहीत नाही.

अक्का, वर येऊ नको म्हटलं ते रद्द समजावं. खोडून टाकलं असतं, पण मी काय लिहू शकतो ते तुला दिसायला पाहिजे, म्हणून ठेवलं आहे. तू ये. बावीस तारखेला सकाळच्या गाडीनं ये, दोन्ही लेकरांना घेऊन ये, दाजींना घेऊन ये, आणि साहेब येतील तेव्हा पुढे बस. तुझी गोष्ट मी सांगितली, साहेबांनी सांगितली, तू कुणालाच सांगितली नाहीस. तुला सांगायची असेल तर सांग, नाव कापलं त्याबद्दल त्यांना बोलायचं असेल तर बोल, आणि मला काय म्हणायचं असेल ते सगळ्यांसमोर म्हण. नोकरीचं मला भय वाटतं, नाही असं नाही. पण त्या माणसाला कुणीतरी सांगितलं पाहिजे की तू जिवंत आहेस. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, त्यांना बरं वाटावं म्हणून सांगतो आहे. माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही. म्हणून तूच ये.